पूजेची स्टेपनी

‘तुमची गाडी थांबतच नाई, जवाईबुवा!’ म्हणत सासरे चंपतराव पवनच्या गाडीत कधी बसत नसत. शेवटी पवननं यूट्यूब पाहून अंगणातच मोठे ब्रेक बसवले. जुनी चाकं त्यांच्यावर बसेनात, म्हणून चार मोठी चाकं आणली. बायकोनं डिकीतल्या जुन्या स्टेपनीसकट पाचही चाकांना हळदीकुंकू वाहिलं. कारंज्याच्या लग्नाला निघताना सासरे पहिल्यांदा गाडीत बसले. जऊळक्याजवळ बकरी आडवी आली, पवननं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. ‘मानलं तुमाले!’ सासरे म्हणतात न म्हणतात तोच पुढचं चाक पंक्चर झालं. पवननं स्टेपनी काढली, ती ब्रेकवर बसेचना. ‘पयले लावून पाह्यली नव्हती काय?’ सासऱ्यांनी विचारलं. ‘बाबा, पूजा केली होती नं!’ पवनची बायको म्हणाली. सासऱ्यांनी एसटीला हात दाखवला. ‘बिरेक भारी हायेत, जवाईबुवा. गाडी थांबली ते थांबलीच!’