राजकन्येची कुबडी

"सत्यशीले, दे वं तुही कुबडी! आज आपली राजकन्या निंगते राक्षसाले माराले!"

दंडार उभी करणाऱ्या डोमाजीकाकांची ती दरसालची खणखणीत हाक अजून माझ्या कानात आहे. साठ सालच्या आसपासचं आमचं बोरी अरब. दिवाळी सरली की गावात दंडारीचा खेळ उभा राही. खेळातली लंगडी राजकन्या सात डोंगर चढे, राक्षसाला लोळवी, आणि शेवटी परी येऊन तिचा पाय सरळ करी. मग लुगडं नेसून राजकन्या झालेला गावचा धडधाकट गडी उकंडा कुबडी दूर भिरकावून नाचू लागे, आणि शिट्ट्यांनी चावडी दणाणून जाई.

शेजारची सत्यशीला लहानपणापासून एका पायानं अधू. खेळाला ती कधीच दिसली नाही.

एका वर्षी खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुबडी परत द्यायला आलेले काका तिच्या ओट्यासमोरच कडाडले, "औंदाही आली नाहीस? तुह्यासारख्याच पोरीची गोष्ट. सारं गाव डोळे पुसत होतं, अन् तुह्याच पोटात दुखते? लय घमेंड हाये वं तुले!"

"माह्यं लंगडणं तिच्याहून झाक हाये ना, काका," मागून उकंडा खिदळला. "पाहवत नसन तिले."

सत्यशीलेनं कुबडी मांडीवर घेतली. दांड्याला नवी चीर पडली होती. तिच्यावरून बोट फिरवत ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांना उलटून बोलली.



"मी तं दरसाल वेणीफणी करून दारात बसत होती, काका. पण येऊ कशानं? माहा पाय तुमची राजकन्या घेऊन गेलती."