पुराव्यात राहिलेली ओळख

निरपराध माणसाला मुक्त करणे हा न्याय खरा. परंतु त्याचे जे हिरावले ते परत न देणे, हा अन्यायच होय.

भर समुद्रातील लष्करी तुरुंगातून इद्रिस मुकादम सतरा वर्षांनी सुटले. संशयितांच्या आठवणी यंत्राने काढून तपासण्याची तिथली रीत होती. त्या गोपनीय पुरावा ठरत, म्हणून परत मिळत नसत.

धक्क्यावर त्यांची पत्नी रुकय्या पुढे आली.

"बाई, आपण कोणाला न्यायला आलात?" त्यांनी अदबीने विचारले.

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला. फार विसराळू आहेत ते."

"मग ते येईपर्यंत मी सोबत थांबतो."

बोटीतून आणखी कोणीही उतरले नव्हते. ती त्यांच्या शेजारी बसली.

पुन्हा ओळख होण्याइतके आयुष्य परमेश्वर त्या दोघांना देवो.