पट्टा ताणल्यावर

पट्टा चौथ्यांदा उतरला. इंजिन जरा वेगात आलं, फट् आवाज झाला, आणि नवाकोरा पट्टा खाली फरशीवर पडला. शेखरने इंजिन बंद केलं. वाळू मिस्त्रीने कपाळावरचा घाम कोपराने पुसला.

"कितव्यांदा गं हे?" ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या रंगूबाईने सुनेला विचारलं.

"चौथ्यांदा, आई," हर्षाली म्हणाली.

"गाडी काय दारातनं हलंना. पट्टा मात्र न चुकता उतरतो."

गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, मोरीएवढं न्हाणीघर. देवळालीच्या एका पारशी बाबांनी पन्नास वर्षांपूर्वी ती परदेशातून आणली होती. शेखर कंपनीतून मोकळा झाला आणि त्याने ती त्यांच्याकडून घेतली. आता नवरा-बायको आठ महिने देश फिरणार होते. आधी कच्छ, मग हिमाचल, मग पार आसाम.

गाडी दारात आली त्या दिवशी, कुणी तोंड उघडायच्या आत, रंगूबाईने सांगून टाकलं होतं, "मी त्या डब्यात पाय ठेवायची नाय. मी आपली छायाकडं, मालेगावला." छाया तिची लेक. रंगूबाईला वाटलं, पोरगा म्हणेल, असं कसं आई? शेखर म्हणाला, "बरं." एवढंच. पंच्याहत्तर वर्षांत लोकांनी तिला काय काय ऐकवलं होतं आणि तिने व्याजासकट परत केलं होतं. या 'बरं'ला मात्र तिला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ती रोज ओट्यावर बसायची आणि गाडीला नावं ठेवायची. मालेगावची पिशवी भरून दाराआड ठेवलेली होती.

इंजिनाचा जुना पट्टा साधा होता, एका खाचेत बसणारा. शेखरला मोठा अल्टरनेटर हवा होता, म्हणजे गाडीत वीज जास्त. तो भार जुन्या पट्ट्याला ओढवेना. नुसता किंचाळायचा आणि जागच्या जागी घसरायचा. म्हणून वाळूने सातपूरहून नव्या पुल्या कातून आणल्या आणि बारीक रेघारेघांचा रुंद, चपटा पट्टा आणला. दिसायला झकास. आठ दिवस झाले, टिकायचं नाव नाही.

"शेखरभाऊ, हात टेकले आता," वाळू म्हणाला. "जुना पट्टा, जुना अल्टरनेटर, जसं होतं तसं परत बसवतो. दिवे चालतील, पंखा चालेल. सकाळी निघा."

सकाळी. रंगूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"चहा टाकते," असं म्हणून ती आत गेली.

चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिघं गाडीच्या पलीकडे उभी होती. गाडी मध्ये. ती कुणाला दिसली नाही.

"जुना नको," हर्षाली म्हणत होती. "त्याच्यावर घरघंटी चालायची नाही."

"गाडीत दळण? अहो वैनी, रस्त्यात गिरण्या काय कमी हायेत? पीठ पाकिटातबी मिळतं."

"आईंनी अठ्ठावीस वर्षं सिन्नरला गिरणी चालवलीय. पाकिटाच्या पिठाची पोळी त्या नुसत्या वासावर ओळखतात आणि ताट सरकवतात."

"पण मावशी तर मालेगावला चालल्या ना?"

"तोंडाने चाललीय," शेखर हसला. "एकदा नाही म्हणाली ना, आता चल म्हटलं तर जन्मात हो म्हणायची नाही. म्हणून आधी घंटी बसवायची, पलंग तिच्या गुडघ्यांना सोसेल असा खाली घ्यायचा. मग म्हणायचं, आई, दळायला माणूस नाही."

चहावर साय धरली तरी रंगूबाई हलली नाही. मग तिने नाक पुसलं, पदर खोचला आणि गाडीला वळसा घातला.

"चहा घ्या. आणि वाळू, पट्टा चढव."

"मावशी, चारदा चढवला."

"पाचव्यांदा चढव. चांगला ताणून. तू पुल्या एका रेषेत हायेत का बघितलंस, तवा पट्टा ताणलेला होता का?"

वाळूने डोकं खाजवलं. "नाय. बसवतानाच बघितल्या की. फूटपट्टी लावून."

"सैल असताना सगळंच सरळ दिसतं."

वाळूने पट्टा चढवून ताणला, तोवर हर्षाली पळत जाऊन दोरा घेऊन आली. एक टोक रंगूबाईने खालच्या पुलीवर धरलं, दुसरं हर्षालीने अल्टरनेटरच्या. खाली दोरा चिकटून बसला. वर, पुलीच्या कडेला, तुरीचा दाणा जाईल एवढी फट.

"दिसलं? ताण बसला की अल्टरनेटर धरणारी तुझी वरची पट्टी वाकते. पातळ पडलीय. मागनं एक टेकू दे तिला."

वाळूने लोखंडाची जाड पट्टी कापली, मागून कसली, पट्टा पुन्हा ताणला. शेखरने इंजिन चालू केलं, वेग वाढवला, आणखी वाढवला. पट्टा असा फिरला की फिरतोय की नाही तेच कळेना.

"मावशी," वाळूने कानाला हात लावला, "हे तुम्हाला कळलं कवा?"

"पहिल्यांदा उतरला तवाच. एकाच कडेला झिजला होता. डोळे हायेत मला."

शेखरने इंजिन बंद केलं. "आई! आठ दिवस आम्ही इथे मरमर मरतोय, आणि तू ओट्यावर बसून टोमणे मारत होतीस? बोलली का नाहीस?"

रंगूबाईने रिकाम्या कपबश्या गोळा केल्या.

"तवा मी कुठं येणार होते?"