बावीस मिनिटं

बस या बाकावर, सरक थोडा. तुझा मासा तळून होतोय तोवर क्वाकू डोमोची गोष्ट सांगतो. दुसऱ्याच्या नावानं जळणं म्हणजे काय, ते कळेल तुला.

मंगळवारी क्वाकू इस्पितळातून लवकर घरी आला, तर यॉ न्यार्कोची पांढरी गाडी त्याच्या अंगणातून बाहेर पडत होती.

हा यॉ आणि क्वाकू एकाच दिवशी कुमासी शहराच्या टीव्ही केंद्रात कामाला लागलेले, केबल ओढायला. यॉचा आवाज गोड, त्याला कॅमेऱ्यापुढं बसवला. क्वाकूचा हात स्थिर, त्याला कॅमेऱ्यामागं उभा केला. छत्तीस वर्षं हेच. यॉ मोठा होत गेला. आता केंद्राचं मोबाईलवरचं सगळं तोच चालवतो, लाखो माणसं त्याला रोज बघतात. बाजारातल्या बाया त्याला संत्री सोलून देतात. शेजारी क्वाकू उभा असला तर त्याला म्हणतात, "काका, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय."

आणि आता हा घरी पण यायला लागला. तेही नेमका मंगळवारी. क्वाकू दर मंगळवारी अल्सरची सुई घ्यायला जातो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

"कशाला आला होता?" क्वाकूनं विचारलं.

"कोण?" त्याची बायको अद्वोआ चुलीकडून वळलीच नाही.

"आत्ता माझ्या दारातून गेला तो."

"अहो, सहज आले होते ते. तब्येत विचारायला."

"मी घरात नसताना माझी तब्येत? आणि डोळे कशानं लाल झाले?"

"कांदा चिरत होते."

फुफूच्या उकडलेल्या गोळ्याबरोबरच्या सूपात कांद्याचा तुकडा नव्हता. मासा मात्र अख्खा त्याच्याच पुढ्यात. 'मन खातंय बाईला,' क्वाकू म्हणाला मनाशी. घास काही उतरेना. उठून त्यानं विजार वर ओढली, पट्टा गेल्या महिन्यात पाडलेल्या नव्या भोकात अडकवला, आणि कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली घेतला. सबंध नोकरीत त्याचे मोजून अकरा फोटो निघाले होते. कॅमेरावाल्याचा फोटो कोण काढणार? ते अकरा त्या डब्यात असायचे.

डबा रिकामा होता.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. केंद्रात कुजबुज होतीच, न्यार्को गुपचूप मोठी फिल्म बनवतोय म्हणून. कुणावर? स्वतःवर, आणखी कुणावर! त्या जुन्या फोटोंत शेजारी यॉ पण होता ना. क्वाकूला कापायचं आणि यॉला ठेवायचं. आणि फोटो दिले कुणी? घरच्या बाईनं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तणतणत केंद्रात गेला. एडिटिंगच्या खोलीत कुणी नव्हतं. एडिटर अफुआचं जॅकेट खुर्चीवर होतं, बाई चहाला गेलेली. पडद्यावर चित्र थांबवून ठेवलेलं. क्वाकूनं ते पार मागं नेलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर क्वाकू.

तरणा, खांद्यावर जुना जडशीळ कॅमेरा, तोंडभर हसू. मग त्यानं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून घेतलेला, वाहून जाणारा पूल. मग एकेक जण बोलायला आला. ड्रायव्हर, मेकअपवाली, जुने तीन साहेब. "असा हात पुन्हा नाही मिळायचा," साहेब म्हणाले. ज्यांनी कधी त्याला बसा म्हटलं नव्हतं, ते साहेब!

सगळ्यांत शेवटी यॉ. "लोक माझं तोंड ओळखतात," तो म्हणाला, "पण ते तोंड बघण्यासारखं केलं ते क्वाकूनं. खरं सांगू? मी जन्मभर त्याच्यावर जळलो. माझ्याकडं काय होतं, नुसता आवाज."

दार उघडलं. अफुआ आणि मागं यॉ. अफुआनं चहा तसाच टेबलावर आपटला आणि झडप घालून फिल्म थांबवली.

"दादा! अहो, शेवट बघायचा नाही अजून. कच्चा आहे तो."

क्वाकूच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्यानं यॉला मिठीच मारली. "लबाडा! अरे, मी तुला माझ्या बायकोचा यार समजत होतो!"

"झाडूनं बडवलं असतं तिनं मला," यॉ म्हणाला.

"किती लांबीची आहे रे?"

"बावीस मिनिटं."

"बावीस! मंत्र्याला चार देता तुम्ही! या रविवारी लाव."

"घाई काय आहे, क्वाकू?"

"घाई काय? छत्तीस वर्षं मागं उभा राहिलो मी! झालीय ना तयार? मग कशाची वाट बघतोयस?"

यॉनं रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

क्वाकू छाती काढून निघून गेला. दार लागल्यावर अफुआनं राहिलेला शेवट चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत क्वाकूचं नाव आलं. नावाखाली जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं मोकळी जागा.

तो बघ, येतोयच इकडं, पट्टा सावरत. बसला की तुला सगळी फिल्म सांगेल, पहिल्यापासून. ऐकून घे. वाटलं तर दोनदा ऐक. फक्त ती कधी लागणार, तेवढं त्याला विचारू नकोस, बाबा.