तिळाच्या तेलाचा प्रयोग

बायकोच्या घाबरेपणावर वैद्यांनी लिहून दिलेलं सीबीडी तेल मी मोरीत ओतलं आणि त्या इवल्याशा बाटलीत ड्रॉपरने तिळाचं तेल भरलं. भांगेच्या झाडातून काढलेलं तेल, जिभेखाली दोन थेंब, आणि म्हणे छातीतली धडधड थांबते. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या घरात ही थेरं.

बोलण्याच्या ओघात गुपित फुटू नये म्हणून तीन आठवडे तोंड शिवून बसलो. आमटी खारट झाली, दूध उतू गेलं, तिने माझा चष्मा कुठेतरी ठेवून हरवला, तरी चकार शब्द काढला नाही. ती रोज इमानाने तिळाचं तेल जिभेखाली धरायची आणि शांत झोपायची. हातांची थरथरही थांबली. मला मनातल्या मनात हसू येत होतं.

रविवारी लेक नवी बाटली घेऊन आली, तेव्हा चहा पिता पिता दोघींना सगळं सांगून टाकलं. "साधं तिळाचं तेल. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि कुणीही यावं नि टोपी घालून जावं."

लेक ताडकन उठली. बायकोने तिला खुणेनेच बसवलं.

"अहो, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तुम्हीच मुलांना शिकवायचात ना?"

"मग?" माझा आवाज चढला. "तेल सोडून काय बदललं मी?"

तिच्या हातातली कपबशी वाजायला लागली. ती तिने सावकाश खाली ठेवली.

"तीन आठवडे तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत."