शिडीच्या वळणावर

बाबुराव घाडी गुडघ्यांवर बसून हवेत कोणाला तरी ओढत होते.

डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर. परळच्या त्या ऑफिसातली ती खोली रिकामी होती, खाली नुसता गालिचा. पण बाबुरावांपुरता तो अजून न बांधलेल्या एका जहाजाचा तळ होता. तिथे पंपांची खोली होती, आणि संकटात वर निघायला एक अरुंद शिडी. त्यांना आत जे दिसत होतं, तेच भिंतीवरच्या पडद्यावर नूपुर आणि अवधूत बघत होते.

ती खोली आणि ती शिडी नूपुरनं आखली होती. तिचं हे पहिलंच जहाज. सोमवारी गोदीत पत्रा कापायला घेणार होते. त्याआधी बोटीवर घाम गाळलेल्या कोणीतरी एकदा आतून फिरून यावं, असा जहाजाच्या मालकांचा आग्रह होता. म्हणून घोडपदेवहून बाबुरावांना बोलावलं. तीस वर्षं मालवाहू बोटींवर फिटर होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले, चहा नको म्हणाले. पहिल्या फेरीत एकटेच सरसर शिडी चढून वर पोचले. अवधूत टीमचा प्रमुख. त्यानं लगेच आराखड्यावर नूपुरची सही घ्यायला फाइल उघडली.

तेवढ्यात बाबुरावांनी विचारलं होतं, "बाय, ह्यात आणखी एक माणूस घालता येतो? शुद्ध हरपलेला?"

येत होता. कॉम्प्युटरमध्ये तयार माणसं होती. नूपुरनं त्यातला एक शिडीच्या पायथ्याशी आडवा ठेवला.

"थोडा बारीक कर," ते म्हणाले. "उंच, पण बारीक."

तिनं केला. तेव्हापासून अर्धा तास हेच चाललं होतं. त्याच्या काखेत हात घालून ते त्याला वर खेचायचे. शिडी जिथे वळते तिथे दोन जाड पाइप होते. कुठेही काही घासलं की पडदा लाल व्हायचा आणि कंट्रोलर थरथरायचे. आधी त्याचा खांदा अडकला. मग कंबर. बाबुरावांनी त्याला पाठीवर घेतलं. लाल. पाय आधी घातले. लाल. एसी चालू होता, तरी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, बस झालं," अवधूत म्हणाला. "माप नियमात आहे. उलट दोन बोटं जास्तच दिलीयत आपण."

बाबुराव थांबले नाहीत. "नियमात एकटा माणूस बसतो, साहेब. खाली एकटा कोण जातो?"

अवधूत नूपुरकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ते पाइप हलवायचे तर वरचे दोन मजले परत आखावे लागतील. महिना गेला समज. सही कर, पुढच्या जहाजात बघू."

ही वाट नूपुरनं स्वतः हेडसेट लावून वीसदा तरी तपासली होती. वीसही वेळा एकटीनं. पडदा एकदाही लाल झाला नव्हता.

"मी सही करत नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय. पाइप हलवते."

"आणि मालकांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

अवधूत फाइल मिटून बाहेर गेला.

बाबुरावांना त्यातलं काही ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ते तसेच बसले होते, हात अजून काखेत घातल्यासारखे. नूपुर त्यांच्या शेजारी गालिच्यावर बसली.

"काका, कोण होता?"

"रघू. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला बोटीवर लावलेला." ते सावकाश बोलत होते. "खाली धूर भरला. तो पडला. मी त्याला ओढत वळणापर्यंत आणला. असंच वळण, एवढीच जागा. एकोणीस वर्षं झाली. त्याला तिथे सोडून मी वर आलो. ललितानं आजवर एका शब्दानं विचारलं नाही."

नूपुरनं हलकेच त्यांच्या डोळ्यांवरचा हेडसेट काढला. डोळ्यांभोवती त्याचे वळ उठले होते. ते समोरच्या रिकाम्या गालिच्याकडे बघत राहिले.

"बाय, एक खरं सांग. तुझ्या ह्या माणसाचं वजन किती ठेवलं होतंस?"

"वजन नसतंच, काका. ह्यात फक्त आकार असतो. उचलायला जोर लागतच नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

बाबुरावांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे कापसासारखा होता," ते म्हणाले. "तरी नाही आला."

मग खिशातून फोन काढून त्यांनी घरी लावला. पलीकडून हॅलो आलं.

"ललिता," ते म्हणाले, "रघूला आणताना माझे हात कमी नव्हते गो पडले."