साडेचार मिनिटं

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या आमच्या ऑफिसात आमच्या ॲपच्या नव्या आवृत्तीची चाचणी चालली होती. नियम दोनच: आलेल्या माणसाने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, आणि मी काही झालं तरी मदत करायची नाही.

जुनं ॲप रोज वापरणाऱ्या सत्तरीच्या ग्लेनिसबाई घरून लॅमिंग्टन केक घेऊन आल्या होत्या. स्वतःच्या फोनवर एकेक काम उरकताना तोंड अखंड चालू. "हा रंग कुणी निवडला गं? कावीळ झालीय जशी!"

शेवटचं काम मी वाचून दाखवलं: कुटुंबाच्या यादीतून एक नाव काढा.

यादीत दोनच नावं होती, त्यांचं आणि नवऱ्याचं, कॉलिनचं. बाई एकदम गप्प झाल्या. बोट स्क्रीनवर नुसतं अधांतरी. एक मिनिट झालं, दोन झाली, चार झाली.

काचेपलीकडे बसून बघणाऱ्या माझ्या सहकारी डिमीचा मेसेज आला, "अगं, बटणच सापडत नाहीये तिला. लिही, दुप्पट मोठं करायचं."

मी लिहिलं. मग नियमाप्रमाणे विचारलं, "आत्ता मनात काय चाललंय?"


"बटण केव्हाच सापडलंय, बाळा. ईस्टरला कॉलिन गेला, तेव्हापासून रोज सापडतं."